चुन्याने गेलेला डोळा आणि ओलोमोउत्सचे डॉक्टर

आमच्या आजोबांच्या चंचीत पान, सुपारी, कात आणि पितळेची चुन्याची डबी असायची. बाकी कशालाही हात लावलेला चालायचा, डबीला नाही. "डोळ्यात गेला तर फूल पडेल," ते म्हणायचे. बुबुळावर काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. त्यावर कायमचा उठलेला पांढरा डाग म्हणजे हे फूल. माणसाच्या डोळ्यातलं असं फूल काढून जगात पहिल्यांदा यश मिळालं, तो डोळाही चुन्यानेच गेलेला होता.

डॉ. एडुआर्ड त्सिर्म यांचा जन्म १८६३चा, व्हिएन्नाचा. मोराव्हियातल्या (आजच्या चेकियातल्या) ओलोमोउत्स गावात ते डोळ्यांचे रुग्ण तपासत. आलोइस ग्लोगार नावाच्या मजुराच्या दोन्ही डोळ्यांत कोंबड्यांचं खुराडं साफ करताना चुना गेला होता. दोन्ही कॉर्निया पांढरेफट्ट. त्याच सुमारास लोखंडाचे कण डोळ्यात घुसलेला ११ वर्षांचा एक मुलगा दवाखान्यात आला. त्याचा डोळा वाचण्यासारखा नव्हता, काढावा लागला. पण त्या डोळ्याचा कॉर्निया नितळ होता.

७ डिसेंबर १९०५. त्सिर्म यांनी त्या एका कॉर्नियातून पाच मिलिमीटरच्या दोन गोल चकत्या कापल्या. कापायला घड्याळासारखी चावी देऊन फिरणारं गोल पातं होतं. चकत्या मिठाच्या निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या कापडात, वाफेवर कोमट ठेवल्या. जंतुनाशक त्यांना लागू दिलं नाही, कारण जंतू मारणारं औषध पेशीही मारतं. चकतीत सुई घातलीच नाही, वरून आडवे धागे घेऊन ती धरून ठेवली. उजव्या डोळ्यातली चकती टिकली नाही. डावी टिकली, नितळ राहिली आणि ग्लोगार पुन्हा कामाला लागला.

याआधी ८० वर्षं लोक डुकराचे, सशाचे कॉर्निया लावून बघत होते आणि ते गढूळ होत होते. माणसाला माणसाचाच, तोही तरुण आणि निरोगी कॉर्निया हवा, हे त्सिर्म यांनी स्वच्छ लिहून ठेवलं. मला त्यांचं मोठेपण त्या कापडात आणि वाफेत दिसतं. हातातला तुकडा जिवंत आहे आणि तो जिवंतच राहायला हवा, हे ओळखून त्यांनी प्रत्येक बारीकसारीक गोष्ट केली. मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी रोपण व्हायला त्यानंतर ४९ वर्षं लागली.

कॉर्नियाला ही सवलत मिळाली, कारण त्यात रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू तो अश्रूंमधून, थेट हवेतून घेतो. रक्तच पोचत नाही म्हटल्यावर शरीराच्या पहारेकऱ्यांना परका तुकडा सहज सापडत नाही. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. आतल्या बाजूला पेशींचा एकच थर फरशीसारखा पसरलेला असतो आणि तो रात्रंदिवस पाणी उपसत असतो. उपसा थांबला की कॉर्निया फुगतो, धुरकटतो. माणसात या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत.

म्हणून या शाखेच्या सर्जनचं आयुष्य पातळ होत जाणाऱ्या तुकड्यांबरोबर पुढे सरकतं. एमबीबीएस, मग नेत्रशास्त्रात एमएस, मग फक्त कॉर्नियाची फेलोशिप. आधी पूर्ण जाडीची चकती, गोलाकार सोळा टाके, केसाहून कितीतरी बारीक नायलॉनचा धागा. एक टाका जास्त ओढला गेला तरी रुग्णाला सगळं वाकडं दिसतं. मग २००६ मध्ये नेदरलँड्सचे गेरिट मेलेस यांनी नुसता आतला थर बदलायची पद्धत आणली. जाडी सुमारे १५ मायक्रॉन, म्हणजे पुस्तकाच्या पानाहूनही कितीतरी पातळ. पाण्यात सोडला की हा थर आपोआप गुंडाळी होतो. दिसावा म्हणून त्याला निळा रंग देतात, डोळ्यात सोडतात आणि वरून हलक्या टिचक्या मारत उलगडतात. उलटा बसला तर सगळं वाया. नीट बसला की खाली हवेचा बुडबुडा सोडून तो वर चिकटवतात आणि रुग्णाला आढ्याकडे बघत उताणं झोपवतात. टाका जवळजवळ नाहीच.

एवढं करूनही चुन्यापुढे हे कौशल्य थिटं पडतं. आम्लाने डोळ्यातली प्रथिनं गोठतात आणि तिथेच एक आडकाठी तयार होते. चुना मात्र पेशींच्या आवरणातल्या स्निग्धाचा साबण करत आत आत शिरतो. बुबुळाच्या कडेला, काळं आणि पांढरं जिथे मिळतं तिथे, कॉर्नियाचा वरचा थर घडवणाऱ्या मूळ पेशी असतात. त्या जळाल्या की कॉर्नियावर लाल रक्तवाहिन्या चढतात आणि वर कितीही चांगला कॉर्निया बसवला तरी तो गढूळ होतो. ग्लोगारच्या डाव्या डोळ्याची कड बरीचशी वाचली असावी, असं मला वाटतं.

यावरचा एक सुंदर उपाय भारतातून आला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तो मांडला. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे आणि जळालेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाचा (पोटातल्या बाळाभोवतीच्या पिशवीचा) पातळ पापुद्रा अंथरून त्यावर चिकटवायचे. रोपं लावल्यासारखेच. प्रत्येक कणाभोवती पेशी पसरतात आणि एकमेकींना मिळतात. प्रयोगशाळेत पेशी वाढवायचा खर्च वाचतो. अट एकच, एक डोळा चांगला हवा.

आता चुना डबीत कमी, प्लास्टिकच्या पुडीत आणि ट्यूबमध्ये जास्त असतो. मूल ती खेळायला घेतं, दाबतं, ती फुटते आणि चिळकांडी सरळ डोळ्यात जाते. अशा वेळी डॉक्टर शोधत बसू नका. पापणी उघडी धरून साध्या स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडा, पापणीखाली अडकलेले कण ओल्या कापसाने टिपून काढा, मूल कितीही रडलं तरी. दवाखाना त्यानंतर. पहिल्या काही मिनिटांत पाण्याने जे वाचतं, ते पुढे कुठलाही सर्जन परत आणू शकत नाही.

आणि ज्यांना कॉर्निया लागतोच, त्यांच्या शस्त्रक्रियेचा दिवस अजूनही सर्जनच्या एकट्याच्या हातात नसतो. त्सिर्म यांच्याकडे तो मुलगा योगायोगाने आला होता. आज नेत्रपेढीचा फोन येतो. कुठल्यातरी घरात माणूस गेलेला असतो, कुणीतरी सहा तासांच्या आत कळवलेलं असतं, पंखा बंद करून मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवलेला असतो.