केमिकल इंजिनियरचा बोनस: गिरणगावापासून व्हेरिएबल पे पर्यंत

दिवाळी जवळ आली की एक फॉरवर्ड ठरलेला असतो. वर्षात ५२ आठवडे, चार आठवड्यांचा एक पगार धरला तर १३ पगार होतात, इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू करून तेरावा गिळला आणि कामगारांनी भांडून तो बोनस म्हणून परत मिळवला. हिशोब ऐकायला झकास आहे, फक्त बोनस असा सुरू झाला नाही. तो सुरू झाला मुंबईच्या कापड गिरण्यांत, पहिल्या महायुद्धाच्या महागाईत. १९१७ मध्ये गिरणीमालकांनी पगारावर १० टक्के वाढ दिली, नाव वॉर बोनस, पुढच्या वर्षी ती १५ टक्के झाली, मग काही वर्षं नफा जोरात होता तेव्हा वर्षाला एक महिन्याचा पगार असा वेगळा बोनस मिळत गेला. नफा आटल्यावर मालकांनी हात आखडता घेतला आणि १९२४ च्या सुरुवातीला गिरण्या संपावर गेल्या. त्यावर हायकोर्टाचे चीफ जस्टिस नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी बसली आणि तिने सांगितलं की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क वगैरे काही नाही. थोडक्यात मालकाची मर्जी.

आता यात केमिकल इंजिनियर कुठे आला? तेव्हा तो मुंबईत जवळपास नव्हताच. युनिव्हर्सिटीचं केमिकल टेक्नॉलॉजीचं डिपार्टमेंट, म्हणजे आपलं यूडीसीटी, आत्ताचं आयसीटी, सुरू झालं १९३३ ला, माटुंग्याला गेलं १९४३ ला, आणि त्यालाही सुरुवातीला जोर होता तो गिरण्यांच्या रंगाई-छपाईच्या केमिस्ट्रीचा. पण मॅक्लिऑड कमिटीचं ते वाक्य लक्षात ठेवा, कारण आज ज्या पोराच्या ऑफर लेटरवर ‘व्हेरिएबल पे (पगाराचा कमी-जास्त होणारा भाग), कंपनीच्या निर्णयानुसार’ असं छापलेलं असतं तो शंभर वर्षांनी त्याच जागी उभा आहे. गिरणी कामगार त्या जागेवरून पुढे सरकला, इंजिनियर फिरून तिथेच आला.

सरकला कसा, तर १९५० मध्ये लेबर ॲपेलेट ट्रिब्युनलने मुंबईच्याच गिरण्यांच्या केसमध्ये नफ्यातला वाटा काढायचा फॉर्म्युला दिला, १९६१ मध्ये बोनस कमिशन नेमलं आणि १९६५ मध्ये पेमेंट ऑफ बोनस ॲक्ट आला. सुरुवातीला किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या ४ टक्के, १९७२ मध्ये ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २०. ८.३३ म्हणजे शंभर भागिले बारा, म्हणजे खरोखरच एक महिन्याचा पगार, त्यामुळे फॉरवर्डवाल्यांचा तेरावा पगार अगदीच हवेतला नाहीये म्हणा. आणीबाणीत हा किमान बोनस परत ४ वर आणला होता, जनता सरकार आल्यावर ८.३३ झाला.

गंमत अशी की १९६५ च्या कायद्यात नवा इंजिनियर आत होता. कायदा मॅनेजर, सुपरवायझर असा भेद करत नाही, फक्त पगाराची मर्यादा बघतो, आणि तेव्हा मर्यादा होती महिना १,६०० रुपये, जी त्या काळात नवख्या इंजिनियरच्या पगाराच्या बरीच वर होती. नंतर महागाई पळत राहिली आणि मर्यादा मागून रांगत आली, १९८५ मध्ये २,५००, १९९५ मध्ये ३,५००, २००७ मध्ये १०,०००, आणि २०१५ च्या दुरुस्तीने २१,०००. कोणी इंजिनियरला बाहेर काढायचं ठरवलं नव्हतं, आकडा वेळेवर न वाढवणं एवढं पुरे झालं. शिवाय मर्यादेच्या आत असलात तरी हिशोब पूर्ण पगारावर होत नव्हता, २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो ७,००० किंवा किमान वेतन यातलं जे जास्त त्यावर व्हायचा. ७,००० धरले तर वर्षाला किमान ६,९९७ रुपये आणि २० टक्क्यांनी १६,८००. डोंबिवली, अंबरनाथ, तारापूरच्या छोट्या युनिटमध्ये ट्रेनी म्हणून लागलेल्या बऱ्याच पोरांचा पगार या २१ हजाराच्या आसपासच घुटमळतो, आणि इन्क्रिमेंट लागून २१,५०० झाले की कायद्याचा बोनस गेला. एका ओळखीच्या पोराला असंच झालं, वाढ मिळाली पाचशेची, दिवाळीला हातात आला सोनपापडीचा डबा आणि एचआरचं उत्तर, तुम्ही आता एलिजिबल नाही.

दुसरी भिंत आहे ती ‘वर्कमन’ची, म्हणजे कायद्याने कामगार कोणाला म्हणायचं त्याची. इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स ॲक्टमध्ये १९५६ मध्ये स्पष्ट केलं की सुपरवायझरी काम करणारा आणि ५०० रुपयांच्या वर पगार असणारा कामगार धरायचा नाही. तो आकडा पुढे १,६०० आणि २०१० मध्ये १०,००० झाला. फॅक्टरीज ॲक्टमध्ये ओव्हरटाइम दुप्पट दराने होता, पण सुपरवायझर आणि मॅनेजमेंटच्या लोकांना राज्याच्या नियमांनी त्यातून सूट देता यायची, म्हणजे सूट कंपनीला. प्लांटवर याचा अर्थ काय ते कुठल्याही शिफ्टवाल्याला विचारा. नाईटचा रिलीव्हर आला नाही म्हणून ऑपरेटर थांबला तर त्याला डबल, त्याच्या शेजारी कंट्रोल रूममध्ये थांबलेल्या शिफ्ट इंजिनियरला फार तर कोऑफ, म्हणजे बदली सुट्टी, आणि तो कोऑफ शटडाऊन संपल्यावर घ्या असं सांगतात, शटडाऊन संपला की स्टार्टअप असतोच. सत्तर-ऐंशीच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि चेंबूरला युनियन जोरात होत्या, दर काही वर्षांनी सेटलमेंट, महागाई निर्देशांकाला बांधलेला डीए, प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह, त्यामुळे चांगल्या कंपनीतल्या जुन्या ऑपरेटरच्या हातात नव्या इंजिनियरपेक्षा जास्त पैसे पडायचे. इंजिनियर लोक यावर कुरकुरायचे, पण युनियन करायची म्हटलं की ‘आपण ऑफिसर आहोत’ म्हणून मागे सरायचे. हे माझं मत आहे, पण कुठल्याही रिटायर्ड प्लांट मॅनेजरला विचारा, फार वेगळं सांगणार नाही.

पगारापेक्षा मुंबईत खरा फायदा होता तो क्वार्टरचा. माहूल-ट्रॉम्बेला १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची (तीच पुढे एस्सो) आणि १९५५ मध्ये बर्मा शेलची रिफायनरी सुरू झाली, साठच्या दशकात शेजारी फर्टिलायझर कॉर्पोरेशनचा खत कारखाना आला, तोच १९७८ पासून आरसीएफ. एस्सो १९७४ मध्ये सरकारने घेतली, तिची एचपीसीएल झाली, बर्मा शेल १९७६ मध्ये घेतली, तिची बीपीसीएल. विलायती कंपनीतल्या ऑफिसरांचा थाट हळूहळू सरकारी ग्रेडच्या चौकटीत बसवला गेला, पण चेंबूरच्या कॉलन्या राहिल्या. स्वतःची खोली घ्यायची म्हणजे बदलापूर गाठायचं अशा शहरात झाडंबिडं असलेल्या कॉलनीतला दोन-तीन खोल्यांचा ब्लॉक, कंपनीची बस, डिस्पेन्सरी, कॅन्टीनचं जेवण नाममात्र दरात, याची किंमत सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्यात, कशी लावणार? त्याची दुसरी बाजू म्हणजे याच हवेमुळे चेंबूरला गॅस चेंबर म्हणायचे, ती हवा पण पॅकेजमध्येच.

घरभाड्याचीही एक खोच आहे. इन्कम टॅक्सच्या मूळ नियमात एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची, पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंतची सूट फक्त मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास इथल्या घराला होती, बाकी ठिकाणी ४०. कामाला चेंबूर आणि भाड्याने डोंबिवली असेल तर ४०, कारण बघतात ते घर कुठे आहे ते, ऑफिस नाही. रोज ठाण्याला गाडीत लटकणाऱ्याला हे सांगून बघा.

सरकारी तेल कंपन्यांत ऑफिसरांचा पैशाचा सवाल रस्त्यावर आला तो जानेवारी २००९ मध्ये. २००७ पासूनच्या पगार सुधारणेवरून ऑफिसर संघटना तीन दिवस संपावर गेल्या, पेट्रोल पंप कोरडे पडले, मुंबईत रिक्षावाल्यांपासून सगळ्यांच्या रांगा. त्याच्या जरा आधी, नोव्हेंबर २००८ च्या आदेशाने पीआरपी आला होता, म्हणजे परफॉर्मन्स रिलेटेड पे, कंपनीच्या नफ्यातून निघणारा आणि ग्रेडप्रमाणे वाटला जाणारा. त्यात अट अशी की १० टक्के लोकांना खालच्या रेटिंगमध्ये टाकायचंच, आणि त्यांना शून्य. एकत्र प्लांट चालवणाऱ्या माणसांत दरवर्षी कोणाला तरी बळीचा बकरा करणं हे रिफायनरीत किती शहाणपणाचं होतं देव जाणे, २०१७ च्या आदेशात ती सक्ती काढली. त्याच वेळी ऑफिसरांच्या ग्रेडचे स्केल बदलले, ई-वन १६,४०० ते ४०,५०० चा ४०,००० ते १,४०,००० झाला, ई-टू ५०,००० पासून, आणि भत्त्यांची मर्यादा बेसिकच्या ३५ टक्के. आकडे खाजगीच्या मानाने साधे दिसतात, पण डीए, पीएफ, मेडिकल, रिटायरमेंटनंतरचं मेडिकल धरलं की गणित बदलतं, म्हणून तर या कंपन्यांत शिरायच्या गेट परीक्षेला एवढी झुंबड.

खाजगीत १९९१ नंतर सीटीसीची भाषा आली. आधी पगार सांगताना बेसिक आणि डीए सांगायचे, आता पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा प्रीमियम, व्हेरिएबल सगळं एकाच बेरजेत घालून मोठा आकडा दाखवतात. ग्रॅच्युइटी तर १९७२ च्या कायद्याने साधारण पाच वर्षं झाल्यावर मिळायची, ती पहिल्या दिवसापासून तुमच्या पॅकेजमध्ये मोजलेली. बेसिक मुद्दाम बारीक ठेवायचं म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही बारीक.

सेफ्टीवाल्यांचा भाव मात्र भोपाळनंतर वाढला. १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये फॅक्टरीज ॲक्टमध्ये घातक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं, त्यात कामाला लागण्याआधी, नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांनी आणि काम सोडताना मेडिकल तपासणी सक्तीची झाली. कंपनीचं फुकट मेडिकल चेकअप म्हणून जे बेनिफिट सांगतात ते अशा युनिटमध्ये बेनिफिट नाहीच, कायदा आहे. आणि २०१० मध्ये भोपाळच्या कोर्टाने ज्यांना दोषी धरलं त्यात वर्क्स मॅनेजर, प्रॉडक्शन मॅनेजर, प्लांट सुपरिंटेंडंट या हुद्द्यांची माणसं होती, त्यामुळे फॅक्टरी मॅनेजर म्हणून सही करायला सांगतात तेव्हा त्या सहीचे किती पैसे हा प्रश्न विचारायला लाजू नये.

दरम्यान बरेचसे प्लांट मुंबईतून निघून गेले. ठाणे-बेलापूर रोडवर १९६८ चा नोसिलचा नॅफ्था क्रॅकर, म्हणजे नॅफ्थापासून प्लास्टिकबिस्टिकचा कच्चा माल काढणारा प्लांट, होता, आज त्या पट्ट्यात काचेच्या आयटी बिल्डिंगी दिसतात. मोठं काम हजीरा, दहेज, जामनगरला. माहूल-ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्या आणि आरसीएफ सोडले तर मुंबईत उरली हेड ऑफिसं आणि विक्रोळी-कांजूरच्या डिझाइन कंपन्या, जिथे माणूस-तासावर बिल होतं आणि पगार प्रोजेक्टच्या भरती-ओहोटीवर हलतो. त्यात आखात कायम बोलावत असतं, तिकडे टॅक्स नाही, म्हणून पाच वर्षांचा अनुभव झाला की बायोडेटा दोहा-जुबेलला जातो.

आता या जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नवे लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत. त्यात बेसिक, डीए वगैरे मिळून एकूण मोबदल्याच्या निम्मं तरी वेतन धरायचं आहे, म्हणजे बारीक बेसिकचा जुना खेळ अवघड झाला, ग्रॅच्युइटी वाढेल, हातातले पैसे कुठे कुठे कमी दिसतील. फिक्स्ड टर्मवाल्याला ग्रॅच्युइटी एका वर्षात, हे प्रोजेक्टवर घेतलेल्या पोरांसाठी कामाचं आहे. बोनस तोच, ८.३३ ते २०, मर्यादा सरकार नोटिफिकेशनने ठरवणार. आणि सुपरवायझरी माणूस कामगार धरायची रेषा १०,००० वरून १८,००० वर आली, म्हणजे २१ हजाराच्या आसपासचा डोंबिवलीतला ट्रेनी सुपरवायझरी धरला तर पहिल्या दिवसापासूनच बाहेर.