वाइन: विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर कसे पोचले

व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रात विंडोज नाही, लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली आहे. तरी त्यावर चालणारे बहुतेक गेम लिहिलेले असतात विंडोजसाठीच. ते चालवतो 'प्रोटॉन', आणि प्रोटॉनचा गाभा आहे १९९३ साली सुरू झालेला 'वाइन' हा मुक्त प्रकल्प.

त्या सुमारास सन मायक्रोसिस्टम्सने आपल्या युनिक्स यंत्रांवर विंडोज ३.१ चे प्रोग्राम चालवणारे 'वाबी' काढले होते. लिनक्ससाठीही असे काही हवे, म्हणून बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल कामाला लागले. १९९४ मध्ये सूत्रे अलेक्सांद्र ज्युलियार यांच्याकडे गेली आणि पुढची तीन दशके त्यांच्याकडेच राहिली.

वाइन संगणकाची नक्कल उभी करत नाही. इंटेल प्रोसेसरसाठी बनलेला प्रोग्राम त्याच प्रोसेसरवर थेट चालू शकतो. अडते ते विंडोजकडे मागितलेल्या सेवांपाशी. खिडकी उघड, फाइल वाच, अक्षर काढ, अशा हजारो मागण्या विंडोजच्या डीएलएल फाइलींकडे, म्हणजे सर्व प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या फाइलींकडे, जातात. वाइनने या डीएलएल नव्याने लिहिल्या, मायक्रोसॉफ्टचा सोर्स कोड न पाहता. छोटे प्रोग्राम लिहून विंडोज प्रत्यक्षात काय उत्तर देते ते तपासायचे आणि तसेच उत्तर देणारा कोड लिहायचा. माहितीपुस्तिकेत एक आणि वागणे दुसरे असेल, तर वागणे प्रमाण मानायचे. कारण प्रोग्राम त्या वागण्यावरच विसंबलेले असतात. २००५ च्या अखेरीस विंडोजच्या डब्ल्यूएमएफ चित्रफाइलींमध्ये सुरक्षेचे भगदाड सापडले, तेव्हा तेच भगदाड वाइनमध्येही निघाले, इतके हे अनुकरण काटेकोर होते.

या कामाची खोली मराठी वाचकाला देवनागरीवरून चटकन कळेल. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची, रफार पुढच्या अक्षरावर चढवायचा, जोडाक्षर जुळवायचे, ही कामे विंडोजमध्ये युनिस्क्राइब हा घटक करत असे. वाइनला तोही स्वतः लिहावा लागला. १.० ही आवृत्ती यायला जून २००८ उजाडला, म्हणजे पंधरा वर्षे लागली, यात मला तरी नवल वाटत नाही.

पण वाइनचे भवितव्य ठरले ते परवान्यामुळे. सुरुवातीचा परवाना अगदी मोकळा होता: कोड घ्या, बदला, विका, बदल स्वतःपाशी ठेवा. कोरेल कंपनीने वर्डपरफेक्ट ऑफिस २००० हा कार्यालयीन कामाचा संच लिनक्सवर आणताना वाइनचा आधार घेतला आणि सुधारणा परतही दिल्या. ट्रान्सगेमिंग कंपनीने मात्र गेमसाठी 'वाइनएक्स' ही वेगळी शाखा काढून विकली आणि तिच्यातले बरेच काम मूळ प्रकल्पात परत आले नाही. मार्च २००२ मध्ये वाइनने एलजीपीएल परवाना स्वीकारला. आता वाइनचा कोड सुधारून वाटणाऱ्याला त्या सुधारणा खुल्या करणे भाग होते. वाद झाला, जुन्या परवान्यावर 'रीवाइंड' ही शाखाही निघाली. ती टिकली नाही. वाइनच्या इतिहासातला हा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय होता असे माझे ठाम मत आहे. मिनेसोटातील कोडवीव्हर्स या कंपनीने याच अटीखाली वाइनवर बेतलेले 'क्रॉसओव्हर' विकून ज्युलियार आणि इतरांचे पगार भागवले आणि कोड परत दिला.

पुढे व्हॉल्व्ह आली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे ॲप-दुकान आले आणि 'स्टीम' या आपल्या ऑनलाइन दुकानातून गेम विकणाऱ्या व्हॉल्व्हला धंद्याची काळजी वाटू लागली. लिनक्सवर चालणारी 'स्टीम मशीन्स' ही गेम खेळायची यंत्रे २०१५ मध्ये आली. पुरेसे गेमच नसल्याने चालली नाहीत. मग कोडवीव्हर्सला हाताशी धरून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणले. डायरेक्ट३डी ११ या विंडोजच्या चित्रण-प्रणालीच्या मागण्या लिनक्सवरही चालणाऱ्या 'वल्कन' या चित्रण-प्रणालीत उतरवणारे फिलिप रेबोले यांचे 'डीएक्सव्हीके' त्यात होते. डायरेक्ट३डी १२ साठी तसेच काम करणारे युझेफ कुचा २०१९ मध्ये तरुणपणीच गेले, वाइन ५.० त्यांना अर्पण केलेली आहे.

ॲपलनेही २०२३ मध्ये गेम मॅकवर आणण्याच्या आपल्या साधनसंचात क्रॉसओव्हरचाच कोड वापरला. अजून अडते ते मुख्यतः काही ऑनलाइन गेमच्या फसवणूकरोधक प्रणालींपाशी. त्या विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या सर्वांत आतल्या गाभ्यात, शिरून पहारा देतात. वाइन साध्या प्रोग्रामच्या पातळीवर काम करते, त्यामुळे तिथे विंडोजचा कर्नलच नसतो.