सालांच्या पाट्या आणि एक हिमनदी

अलास्कातल्या स्यूअर्ड या बंदराच्या गावाहून एक्झिट हिमनदीकडे जाणारा रस्ता जेमतेम वीस किलोमीटरचा. तो वाचत वाचत जावा असा आहे. वाटेत साध्या पाट्या लागतात आणि त्यांवर फक्त सालं असतात. पहिली १८१५ ची. त्या साली बर्फाचं तोंड इथवर आलं होतं. पुढे १९१७, मग १९५१, मग २०१०. बर्फ मात्र आणखी पुढे, वर कड्यावर.

१८१५ मध्ये मोजमाप करणारं कुणी नव्हतं. हे साल सांगितलं झाडांनी. बर्फ हटला की मागे दगडगोट्यांचा बांध उरतो, त्याला हिमोढ म्हणतात. त्यावर उगवलेल्या सर्वांत जुन्या झाडाची वर्तुळं मोजायची आणि उघड्या जमिनीवर रोप रुजायला लागणारी वर्षं त्यात मिळवायची. हा हिशेब मला फार आवडतो.

खालच्या पाट्यांजवळ पॉपलर आणि स्प्रूसची उंच झाडं आहेत. वर जाल तशी झाडं तरुण आणि ठेंगणी होत जातात. अ‍ॅल्डरचं झुडूप दिसलं की जरा थांबावं. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जीवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. नुकत्याच उघड्या पडलेल्या गोट्यांत नायट्रोजन जवळजवळ नसतोच. अ‍ॅल्डरची पानं वर्षानुवर्षं कुजून माती तयार होते, मग तिथे स्प्रूस वाढतो आणि सावली धरून अ‍ॅल्डरलाच हटवतो.

सर्वांत वर नुसता खडक. त्यावर हात फिरवला तर बारीक समांतर चरे बोटांना लागतात. बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी ते कोरलेत. बर्फ कुठून कुठे गेला, ते त्यांवरून कळतं.

‘हिमनदी मागे सरली’ असं आपण म्हणतो, पण बर्फ कधीच मागे जात नाही. वरच्या हार्डिंग हिमक्षेत्रावर, सुमारे १,८०० चौरस किलोमीटरच्या त्या पठारावर, पडणारं हिम दबून बर्फ होतं आणि उताराने खालीच वाहतं. आजही वाहतंय. फक्त वरून येतं त्याहून जास्त खाली वितळतं, म्हणून तोंड वर सरकतं. भेगांतला निळा रंगही त्या दाबाचाच: दाबाने हवेचे बुडबुडे आकसतात, प्रकाश बर्फात खोलवर शिरतो, तांबडा शोषला जातो आणि निळा उरतो.

परतताना सोबतीला राखाडी, दुधाळ पाण्याची नदी असते. हिमनदीने दळलेलं खडकाचं पीठ तिच्यात तरंगत असतं. ओंजळीत पाणी घेतलं तरी तळहाताच्या रेषा धूसर दिसतात. हे पाणी रेझरेक्शन उपसागरात जातं. तो उपसागरही एका जुन्या, कितीतरी मोठ्या हिमनदीने कोरलेली दरी, समुद्राने भरलेली. म्हणूनच किनाऱ्यालगत पाणी एकदम खोल.

गाव वसलं ते ओढ्यांनी आणून टाकलेल्या सैल वाळू-गोट्यांवर. २७ मार्च १९६४ ला ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि किनाऱ्याची मोठी पट्टी बंदरातल्या धक्क्यांसकट त्या खोल पाण्यात घसरली. तेलाच्या टाक्या पेटल्या, लाटा गावात शिरल्या. त्या काठावर पुन्हा घरं बांधली नाहीत. आज तिथे गवत आहे, प्रवाशांचे तंबू आहेत, आणि समोर नदीचं दुधाळ पाणी समुद्राच्या गडद निळ्यात मिसळताना दिसतं.