कॅन्सरमुळे हात मोडला तर आधी कोड कशाचा

पणजी-पर्वरीकडे रात्रपाळीत बसून अमेरिकेतले चार्ट कोड करणाऱ्यांना, म्हणजे पेशंटच्या कागदांवरचा आजार बिलासाठी कोडात बसवणाऱ्यांना, एम ८४.५ म्हणजे कॅन्सरने मोडलेलं हाड हे सांगायला नको. पण तो आजचा असा का झाला हे नवीन मुलांना कोणी सांगत नाही, पाठ करा म्हणतात, म्हणून थोडं मागचं लिहितो.

फार मागे जात नाही. हे कोड ज्या जागतिक आजार-यादीतले, त्या आयसीडीची १८९३ ची जी पहिली यादी ती मरणाच्या कारणांची होती, जिवंत माणसाचे आजार नीट मोजायला १९४८ ची सहावी आवृत्ती यावी लागली. आपल्या कामाचं सुरू होतं ते नवव्या आवृत्तीपासून. अमेरिकेत ती १९७९ पासून होती आणि तिच्यात पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चरला (आजाराने हाड कमकुवत होऊन मोडतं ते) ७३३.१ हा एकच उपगट, कॅन्सरने मोडो की ठिसूळ हाडांनी मोडो. फोरआर्मला, म्हणजे कोपर ते मनगट या भागाला, ७३३.१२ मिळाला खरा, पण त्याचं नाव होतं डिस्टल रेडियस आणि अल्ना, म्हणजे तिथल्या दोन हाडांचा मनगटाजवळचाच भाग! मधोमध मोडलं तर ७३३.१९, 'इतर ठिकाण', तिथे बरगडी पण आणि हा हात पण. डावा-उजवा तर कुठेच नाही. आणि प्लास्टर घालून झाल्यावर पेशंट दाखवायला आला की कोडच बदलायचा, व्ही ५४.२२, बरं होत असलेल्या फ्रॅक्चरची देखभाल.

१ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेत दहावी आवृत्ती आली आणि हे सगळं गेलं. कॅन्सरचं (खरं तर गाठीचं, कारण जायंट सेल ट्युमर कॅन्सर नसूनही इथेच येतो आणि डिस्टल रेडियस ही त्याची आवडती जागा) वेगळं घर झालं, एम ८४.५३. त्यात १ उजवी अल्ना, २ डावी अल्ना, ३ उजवा रेडियस, ४ डावा रेडियस, ९ माहीत नाही. दोन्ही हाडं मोडली तर दोन कोड. सातवं अक्षर, उपचार कुठल्या टप्प्यावर आहेत ते सांगणारं, ए, डी, जी, के, पी, एस एवढंच. एस ५२ वाल्या अपघाती फ्रॅक्चरला उघडं-बंद, जखम केवढी, सगळ्याची अक्षरं आहेत, इथे नाहीत, कॅन्सरने मोडलेलं हाड कातडीबाहेर आलं तरी कोडला त्याचा पत्ता नाही. ए ला 'इनिशियल एन्काउंटर' नाव देणाऱ्याला मी आजही माफ केलेलं नाही. त्याचा अर्थ पहिली भेट नाही, उपचार चालू आहेत असा आहे. पण नाव तेच राहिलं आणि दर बॅचला तीच चूक होते.

खरा वाद क्रमाचा. जागतिक आयसीडी-१०, जी आपल्याकडच्या सरकारी नोंदींत चालते, तिच्यात हाच प्रकार एम ९०.७ मध्ये चांदणीच्या खुणेसह (*) आहे, जागेसाठी पुढे ३ लावला की फोरआर्म. मूळ गाठीच्या कोडला कट्यारीची खूण (†). चांदणीचा कोड एकटा वापरायचा नाही, कट्यार आधी, म्हणजे कारण पहिलं, विषय संपला. अमेरिकन आवृत्तीने चांदणी-कट्यार काढून टाकली आणि तिथे नियम आला की उपचाराचा फोकस कशावर ते बघा. फ्रॅक्चरवर असेल तर एम ८४.५ आधी, मग कॅन्सर. कॅन्सरवर असेल तर उलट.

ऐकायला सोपं आहे. ब्रेस्ट कॅन्सरची बाई, कळशी उचलताना उजवा रेडियस मोडला, हाडवाल्याने प्लेट घातली, तर एम ८४.५३३ए पहिला, मागे सी ७९.५१, म्हणजे हाडात पसरलेला कॅन्सर (मेटास्टेसिस), मग ब्रेस्टचा. तीच बाई नंतर फक्त रेडिएशन घ्यायला आली तर झेड ५१.०, म्हणजे रेडिएशनसाठीची भेट, तो पहिला. पण एकाच अ‍ॅडमिशनमध्ये प्लास्टर पण घातलं, स्कॅन पण केले आणि केमो पण बदलली तर फोकस कुठे? डॉक्टरने 'फोकस' असा शब्द कुठेच लिहिलेला नसतो, तो लिहितो प्लॅन. मग टीम लीडर एक म्हणतो, ऑडिटर दुसरं. लोक म्हणतात पैशासाठी भांडण आहे. गंमत म्हणजे ऑपरेशन नसेल तर हाडातल्या मेटास्टेसिसचा कोड पुढे ठेवा की फ्रॅक्चरचा, हॉस्पिटलला किती पैसे मिळणार ते ठरवणारे पेमेंटचे गट तेच, ५४२ ते ५४४. मूळ फुप्फुसाचा कॅन्सर पहिला टाकला तर मात्र केस श्वसनाच्या गटात जाते, आणि कोपराखाली येणारे मेटास्टेसिस मुळात कमी असले तरी जे येतात त्यांत फुप्फुसाचे बरेच असतात, त्यामुळे हा प्रसंग येतोच. मला विचाराल तर कट्यारीचा नियम जास्त प्रामाणिक होता, पण आमचं मत कोण विचारतो.

आणि हे सगळं डॉक्टरने लिहिलं तर. माझ्या मामीचं इथलंच डिस्चार्ज कार्ड घरी आहे, वर सीए ब्रेस्ट, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सर, खाली दोन ओळी सोडून फ्रॅक्चरची ती चार रेघांची जाळी (#), बोथ बोन, म्हणजे दोन्ही हाडं, आणि गोलात एल, म्हणजे डावा. दोघांना जोडणारा एक शब्द नाही. एक्स-रेच्या रिपोर्टात लिटिक लिजन, म्हणजे हाड पोखरलेली जागा, स्पष्ट लिहिलंय, पण अमेरिकन नियमाने रिपोर्टवरून आपण जोडायचं नसतं, डॉक्टरला क्वेरी टाकायची, म्हणजे विचारायचं, तेही त्याच्या तोंडात उत्तर न घालता. असं कार्ड अमेरिकेहून आलं असतं तर नवीन मुलाने डोळे मिटून एस ५२ टाकला असता.

उलटी चूकही होते. १९८९ मध्ये मिरेल्सचा स्कोअर आला, मोडण्याआधीच हाडाचा धोका मोजायचा, त्यात हाताच्या हाडाला जागेचा सर्वात कमी म्हणजे १ गुण, बेरीज ९ किंवा वर गेली की आधीच प्लेट किंवा रॉड. चार्टवर येतं 'इम्पेंडिंग फ्रॅक्चर', म्हणजे मोडायच्या बेतात असलेलं हाड. मोडलेलं नाही, तर एम ८४.५ लागत नाही, कोडांच्या सूचीत, इंडेक्समध्ये, त्याला जागा नसेल तर आहे तो आजार कोड करायचा, म्हणजे नुसता सी ७९.५१. गेल्या पावसात ट्रेनिंगच्या एका मुलीने असा चार्ट एम ८४.५३४ए लावून पाठवला, ऑडिटमधून परत आला. ती म्हणाली, सर, मोडलंच नाही तर प्लेट कशाला घातली? म्हटलं, मोडू नये म्हणून. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि पुढचा चार्ट उघडला.