किनाऱ्यावर गायन स्पर्धा भरवायची? आधी जागा आणि तारीख, मग गवई

फलकावर ‘आंतरराष्ट्रीय’ लिहायला पेंटर जास्तीचे पैसे घेत नाही. पण मॉरिशसची एखादी मराठी भजनी मंडळी खरोखरच बोलावली की फाइल जाड होते. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, लागणारे सगळे कागद तर लागतातच, वर पासपोर्ट, व्हिसा आणि कराचे कागद येतात.

मोठ्या स्पर्धाही जागेपासूनच सुरू होतात. युरोपात १९५६ पासून चालणाऱ्या युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेचं यजमानपद सहसा आदल्या वर्षीच्या विजेत्या देशाकडे जातं. २०२२ च्या स्पर्धेसाठी इटलीच्या ‘राय’ वाहिनीने शहरांकडून प्रस्ताव मागवले. त्यातल्या अटी अशा: आठ-दहा हजार माणसं मावतील असं बंदिस्त सभागृह, दीड तासात गाठता येणारा आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि हॉटेलच्या दोन हजारांवर खोल्या. गाण्याचा विषय त्यानंतर. विमानतळापुरतं बोलायचं तर गोव्यातल्या मोपा विमानतळामुळे आपली सावंतवाडीही पास होईल. खोल्यांपाशी मात्र सगळं गाडं अडेल.

अर्जदार कोण?
नोंदणीकृत न्यास किंवा संस्था असेल तर उत्तम. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवाला घेतात तीच. परदेशातून येणाऱ्या देणगीत बरेच जण फसतात. दुबईतल्या चाकरमान्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय धरली जात नाही. मॉरिशसचा पासपोर्ट असलेल्याची धरली जाते, मग तो आडनावाने कितीही आपला असो. परकीय देणगीच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसेल तर असे पैसे घेऊ नका.

जागा
खाजगी जागा असेल तर सातबारा आणि त्यावर नाव असलेल्या सगळ्यांची लेखी संमती. कोकणातला सातबारा म्हणजे चुलत्यांची जत्रा, आणि निम्मे चुलते मुंबईत, त्यामुळे याला महिनाभर धरा. सोबत ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, मंच घालायचा असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात अर्ज करावा लागतो. भरतीरेषेजवळचा भाग सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्टीत, येतो, म्हणून पक्कं बांधकाम मनातही आणू नका. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. अंड्यांतून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, मग तो हॅलोजनचा का असेना. तेव्हा तिथे वनविभागाला आधी विचारा.

तारीख ठरवताना पंचांगही उघडा. आमच्या चिटणीसांना चांदणं हवं म्हणून पौर्णिमा हवी होती. पौर्णिमेला उधाण येतं, आणि मंचाचे खांब ओल्या वाळूत रोवले की काय होतं ते मांडववाल्याने त्यांना दोन शब्दांत सांगितलं. आम्ही अष्टमीच्या सुमाराची भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती धरली.

पोलीस ठाणे आणि ध्वनिक्षेपक
ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते. मात्र ते दिवस जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात असतात आणि त्यातले बरेचसे गणपती-नवरात्रातच खर्ची पडतात. तुमची तारीख त्यात आहे का ते आधी पाहा. नसेल तर डबलबारीच्या दोन्ही बुवांना दहाच्या आत गजर संपवायला सांगा. ऐकतील असं नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मैदान शाळेचं असेल तर ते शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं आहे का, हेही विचारून घ्या.

अर्जासोबत जागेचा हातनकाशा, जागामालकाची संमती, ग्रामपंचायतीचा दाखला, पदाधिकाऱ्यांची आधार प्रत आणि साउंडवाल्याचं नाव-पत्ता ठेवा. माझा पहिला अर्ज परत आला होता. मी वेळ लिहिली होती ‘सायं. ७ पासून कार्यक्रम संपेपर्यंत’. ‘संपेपर्यंत’खाली पेन्सिलीची रेघ आणि समासात एकच प्रश्न: ‘म्हणजे किती?’

विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या. शेजारच्या घरातून वायर ओढू नका.

गाण्यांचे हक्क
हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता गाणी गायली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तिकीट लावलंत की आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना बघावा लागतो. कराओके ट्रॅक वाजवलात तर त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क आणखी वेगळे. तुकोबांच्या अभंगाच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण त्याला अलीकडे लावलेल्या चालीवर असू शकतो. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, हे खजिनदाराच्या कानावर घाला.

परदेशी पाहुणे
पर्यटक व्हिसावर येऊन मानधन घेऊन गाता येत नाही. म्हणून निमंत्रणपत्रात मानधन आहे की नाही हे स्पष्ट लिहा आणि पाहुण्यांना त्यांच्या देशातल्या भारतीय वकिलातीत योग्य व्हिसा विचारायला सांगा. मानधन देताना २० टक्के कर आणि त्यावरचा अधिभार-उपकर कापून भरायचा असतो. दोन देशांमधल्या कर-करारामुळे काही सूट मिळते का, ते सीएला विचारा. महागडी वाद्यं तात्पुरती आणणार असतील तर एटीए कार्नेट (वस्तू तात्पुरत्या आणण्याचा कस्टमचा दाखला) त्यांनी तिकडूनच काढून आणावं, म्हणजे कस्टममध्ये शुल्काचा प्रश्न येत नाही.

तारकर्लीतल्या घरगुती मुक्कामवाल्यांना एक गोष्ट ठाऊक नसते: परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) ऑनलाइन भरायचा असतो. पाहुणे चार घरांत विभागले तर चारही घरमालकांनी. आम्ही एका पोराला लॅपटॉप घेऊन घरोघर बसवलं होतं.

प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मूळ परवानग्या अध्यक्षांच्या कपाटात राहू द्या, पण ध्वनिक्षेपक परवान्याची झेरॉक्स साउंडवाल्याच्या खिशात हवी. पोलीस रात्री येतात तेव्हा ते मिक्सरपाशी जातात, आणि अध्यक्ष नेमके तेव्हा जेवायला गेलेले असतात.