विहीर चार मीटर चढली, पाणी किती वाढलं?

पावसाळा सरला की नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून एक बातमी हमखास येते. गावात सिमेंट नाला बांध झाले, ओढा खोल केला आणि विहिरींची पातळी चार मीटरने वाढली. सोबत काठोकाठ भरलेल्या बंधाऱ्याचा फोटो. बातमी खोटी नसते, पातळी खरंच चढलेली असते. पण चार मीटर म्हणजे पाणी किती, आणि त्यातलं बंधाऱ्याने मुरवलेलं किती, हे त्यात कुठेच नसतं. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ असो की पवईची आयआयटी, पाणलोटावर काम करणाऱ्या संशोधकांचा मोठा वेळ याच दोन आकड्यांमागे जातो. ही मोजणी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यातला बराचसा भाग गावातल्या गावात करता येतो.

आधी खडक. नाशिक जिल्हा जवळजवळ सगळा बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट आणि वरचा वायूच्या बुडबुड्यांमुळे छिद्राछिद्रांचा. विहीर खोदणारी माणसं हे थर त्यांच्या नावांनी ओळखतात: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा खडक), मग पाषाण, आणि दोन थरांच्या सांध्यात कधी लाल गेरू. पाणी मिळतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. मांजऱ्याची छिद्रं पाहून वाटतं, इथे पाणीच पाणी असणार. पण ती बहुतेक एकमेकांना जोडलेली नसतात आणि पुष्कळशी खनिजांनी बुजलेली असतात. पांडवलेण्याच्या डोंगराजवळच्या खाणींतून निघालेले ॲपोफिलाइटचे हिरवे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात; ते अशाच पोकळ्यांमध्ये वाढलेले आहेत. जिथे स्फटिक बसला तिथे पाण्याला जागा उरली नाही.

म्हणून इथे सगळ्यात कळीचा आकडा स्पेसिफिक यील्डचा. पाण्याने पूर्ण भरलेला एक घनमीटर खडक निथळू दिला तर त्यातून किती पाणी बाहेर येईल, ते हा आकडा सांगतो. केंद्र सरकारच्या भूजल अंदाज समितीने बेसॉल्टसाठी तो २ टक्के धरायला सांगितला आहे (१ ते ३ च्या दरम्यान), तर नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळासाठी १६ टक्के. एक हेक्टर शिवारात पातळी एक मीटर चढली, तर गाळाच्या जमिनीत १६०० घनमीटर पाणी वाढलं. आपल्या मुरमात वाढलं फक्त २०० घनमीटर. चार मीटर चढलेल्या विहिरीचा अर्थ, सगळ्या शिवारावर सरासरी ८० मिलिमीटर उंचीचं पाणी. जितका खडक कंजूष, तितकी थोड्या पाण्यात विहीर जास्त चढते. उपसा सुरू झाला की तितक्याच वेगाने ती उतरते.

याच आकड्यातून जिल्ह्यातलं एक कोडं सुटतं. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्र्यंबकेश्वरचा पट्टाही भरपूर भिजतो. तरीही तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर जातात. डोंगरउतारावर पाणी धरणारा मुरूम-मांजऱ्याचा थर समजा पाच मीटर आहे. पाच मीटरचे २ टक्के म्हणजे १०० मिलिमीटर. भांडंच १०० मिलिमीटरचं, त्यात तीन हजार ओतले तरी उरलेलं वाहून दारणेत आणि गोदावरीत जाणार. जे भरलं तेही उताराच्या अंगाने झऱ्यांतून हिवाळ्यात निथळून जातं. सिन्नर, येवला, नांदगावकडे गणित उलटं. तिथे पाऊस पाचशेच्या आसपास, आणि त्यातला ७ ते १३ टक्के मुरतो असं धरलं तर ३५ ते ६५ मिलिमीटर होतात, म्हणजे तेवढंच भांडंही पुरतं भरत नाही. पश्चिमेला साठवणूक आणि झऱ्यांचं रक्षण हवं, पूर्वेला मुरवण हवी. दोन्हीकडे एकाच नकाशाचे बंधारे बांधत सुटणं हे पैसे पाण्यात घालणं आहे.

आता बंधाऱ्याचा हिशोब. तो पाऊस थांबल्यावर, ओढ्याचं वरून येणारं पाणी आटलं की सुरू करायचा, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. सामान फारसं नाही: बंधाऱ्याच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली पट्टी, जवळपासच्या बाष्पमापकाची नोंद, आणि पाणी येण्याआधी, उन्हाळ्यातच, लेव्हल लावून केलेलं पात्राचं मोजमाप. हे मोजमाप नसेल तर बाकी सगळं वाया. पाणी कुठल्या उंचीला असताना किती चौरस मीटरवर पसरतं, हे त्याशिवाय कळत नाही.

रोज सकाळी एकाच वेळी पट्टी वाचायची. समजा पाणपसारा ६००० चौरस मीटर आहे आणि चोवीस तासांत पातळी २२ मिलिमीटर उतरली. त्यातलं हवेत किती गेलं? भारतीय मानकाचा बाष्पमापक तांब्याचा, १२२ सेंटिमीटर व्यासाचा, वर जाळी असलेला. जाळी पक्ष्यांना अडवते, पण तिच्यामुळे बाष्पीभवनही सुमारे १४ टक्क्यांनी घटतं. त्यामुळे याची नोंद ०.८ ने गुणतात आणि बिनजाळीच्या अमेरिकी क्लास-ए भांड्याची ०.७ ने. कुठलं भांडं आहे हे न पाहता गुणक लावला की पुढचा सगळा हिशोब चुकतो. आपल्या भांड्यात ५ मिलिमीटर घटले, तर बंधाऱ्यातून ४ मिलिमीटर उडाले असं धरायचं. उरले १८ मिलिमीटर. सहा हजार चौरस मीटरवर ते होतात १०८ घनमीटर. एवढं पाणी त्या दिवशी तळातून आणि भिंतीखालून गेलं.

बहुतेक अहवाल इथेच थांबतात आणि १०८ चा आकडा पुनर्भरण म्हणून छापतात. खरं काम पुढे आहे. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, शंभर-दोनशे मीटरवर, ओढ्यात पाणी वाहताना दिसतं का ते पाहायचं. दिसलं तर तिथे पत्र्याची ९० अंशाची व्ही आकाराची खाच आडवी बसवायची आणि कडांना चिखल लिंपून बाजूची गळती बंद करायची. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये मोजायची, पण अगदी खाचेवर नव्हे, जरा मागे, कारण खाचेपाशी पाणी वाकून खाली येतं. उंचीचा अडीचवा घात घेऊन १.३८ ने गुणलं की सेकंदाला किती घनमीटर ते मिळतं. उंची फक्त ५ सेंटिमीटर असली तरी उत्तर येतं सेकंदाला पाऊण लिटरच्या थोडं वर, दिवसाचं सुमारे ६७ घनमीटर! उंची दुप्पट झाली तर प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो, म्हणून इथे मिलिमीटरची चूकही महागात पडते. आपल्या उदाहरणात १०८ पैकी ६७ घनमीटर भिंतीखालून ओढ्यात परत आले. ते फुकट गेले असं नाही, खाली दुसरा बांध असेल तर तिथे उपयोगी पडतील. पण या गावच्या खडकात गेले ते जेमतेम ४१.

महिनाभर हाच दर टिकला असं धरू. प्रत्यक्षात तो कमी होत जातो, कारण पाणी उतरतं तसा पसारा आणि दाब दोन्ही घटतात. महिन्याचे झाले १२३० घनमीटर. २ टक्क्यांच्या खडकात हे पाणी सहा हेक्टरांवरच्या विहिरी एक मीटरने चढवतं, आणि बातमीसाठी तेवढं पुष्कळ झालं. पण पाटाने पाणी देऊन रब्बी कांदा घ्यायचा तर हेक्टरी साधारण पाच-सहा हजार घनमीटर लागतात. सहा हेक्टरांत दिसलेल्या त्या वाढीवर कांदा पिकेल तो अर्धा एकर.

या मोजणीत घोटाळे ठरलेले आहेत. पहिला, कुणीतरी बंधाऱ्यात थेट मोटार टाकलेली असते. तो उपसा मुरलेल्या पाण्यात जमा होतो आणि बंधारा कागदावर फार कार्यक्षम दिसतो. रात्री बाष्पीभवन नगण्य, म्हणून संध्याकाळ ते पहाट एवढीच घट मोजायची ही युक्ती चांगली आहे. पण शेतीपंपांना वीज रात्रपाळीत असेल त्या आठवड्यात ती उपयोगाची नाही. दुसरा घोटाळा गाळाचा. काळ्या मातीचा बारीक गाळ तळाशी बसला की काही सेंटिमीटरचा थर पुरतो, मुरण्याचा वेग दोन-तीन हंगामांत पार घसरतो. उन्हाळ्यात तळ भेगाळलेला असतो, म्हणून पहिलं पाणी झपाट्याने उतरतं, मग माती फुगून भेगा मिटतात. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नये.

विहिरींची पातळी मोजतानाही शिस्त लागते. कठड्यावर रंगाची एक कायमची खूण हवी, प्रत्येक वेळी तिथूनच टेप सोडायचा. मोटार बंद होऊन विहीर पुरती भरलेली असावी. सहा-आठ मीटर व्यासाच्या आपल्या विहिरींना त्यासाठी रात्रभरही लागू शकते. मे अखेर आणि ऑक्टोबर अशा दोन नोंदी किमान हव्यात. आणि बंधाऱ्याच्या प्रभावाबाहेरच्या, पण तशाच मुरमातल्या विहिरी सोबत मोजल्याच पाहिजेत. त्याही साडेतीन मीटर चढल्या असतील, तर बंधाऱ्याच्या पदरात अर्धा मीटर पडतो, बाकी श्रेय पावसाचं.

पडताळणीसाठी संशोधक क्लोराइडचाही आधार घेतात. पावसाच्या पाण्यात किंचित क्लोराइड असतं. पाणी उडून जातं, झाडं ते शोषून हवेत सोडतात, क्लोराइड मात्र मागे राहून मुरणाऱ्या पाण्यात दाट होत जातं. पावसात लिटरला २ मिलिग्रॅम आणि विहिरीत ४० असतील, तर पावसाचा विसावा भाग, म्हणजे ५ टक्के मुरला. युक्ती सुंदर आहे, पण तिला एक अट आहे: क्लोराइड फक्त पावसातूनच आलेलं असावं. शिवारात म्युरेट ऑफ पोटॅश पडत असेल तर ते पोटॅशियम क्लोराइडच असल्यामुळे विहिरीतलं प्रमाण वाढतं आणि मुरलेलं पाणी हिशोबात कमी दिसतं. द्राक्षवेलीला क्लोराइड सोसत नाही म्हणून बागायतदार सल्फेट ऑफ पोटॅश वापरतात. तरी शेजारच्या शेतात काय पडतं हे विचारल्याशिवाय नमुना घेऊ नये.

हे सगळं उपलब्ध असताना तळहातावर नारळ उभा राहतो का ते पाहून विहिरीची जागा ठरते, त्यासाठी हजारो रुपये मोजले जातात, याचं वाईट वाटतं. पाणाड्याचा नारळ खरा ठरतो, कारण ओढ्याकाठच्या मुरमात बहुतेक कुठेही खोदलं तरी थोडं पाणी लागतंच. कोरड्या गेलेल्या बोअरची मोजदाद कुणी ठेवत नाही. ‘खालून नदी वाहते’ हेही तसंच. आपल्या खडकात नद्या नाहीत, भेगा आणि २ टक्के जागा आहे.

खोलीकरणाबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. गाळ काढणं चांगलं, पण पोकलेन मुरूम संपवून पाषाणाला भिडलं की तळ पाणी मुरवेनासा होतो. त्याहून वाईट म्हणजे ओढा आजूबाजूच्या मुरमातल्या पाणीपातळीच्या खाली गेला तर दोन्ही काठांचं भूजलच ओढ्यात निथळू लागतं, आणि ओढ्यात पाणी दिसतं म्हणून गाव खूश असतं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या खोलीकरणाचं उदाहरण सगळीकडे दिलं जातं. पण तिथल्या बऱ्याच भागात तापीच्या गाळाचे जाड थर आहेत. १६ टक्क्यांच्या जमिनीतला उपाय २ टक्क्यांच्या जमिनीत तसाच्या तसा चालत नाही. खोदण्याआधी जवळच्या विहिरीत उतरून मुरूम किती मीटरवर संपतो ते पाहावं आणि त्याच्या किमान मीटरभर वर थांबावं.

आणि प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं जलसंधारणाच्या यादीत धरू नये. ते एक थेंब मुरवत नाही. विहिरीतून उपसून भरलेलं ३० बाय ३० मीटरचं तळं फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत, दिवसाला सरासरी ६ मिलिमीटर धरले तरी, साधारण साडेसहाशे घनमीटर पाणी हवेत सोडतं. वरच्या उदाहरणातल्या बंधाऱ्याने महिनाभर मुरवलेल्या पाण्याच्या निम्म्याहून हे जास्त भरतं.