वृद्धाश्रमातील शारीरिक छळ (नागपूर)

वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये राहणाऱ्या ज्येष्ठांना सांभाळणाऱ्यानेच मारणे, ढकलणे, चिमटे काढणे, बांधून ठेवणे, तोंडात घास कोंबणे म्हणजे शारीरिक छळ. कटकट नको म्हणून दिलेली झोपेची गोळीही यातच मोडते.

हात उचलला जातो तो बहुधा ठरावीक वेळी: आंघोळ, चादर बदलणे, जेवण, रात्रीची लघवी. रात्रपाळीला एकच मावशी असली आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजी तिसऱ्यांदा उठल्या, की जुन्या साडीच्या पट्टीने मनगट खाटेच्या दांडीला बांधले जाते. कारण ठरलेले, "पडतील म्हणून." नातेवाइकांनाही ते पटते, आणि खरी गोम तिथेच आहे.

वळ दिसलेच तर "बाथरूममध्ये पडल्या" हे उत्तर तयार असते. पडल्यावर सहसा गुडघा, नडगी, कोपर, कपाळ यांना लागते. दंडाच्या आतल्या बाजूला उमटलेली बोटे किंवा दोन्ही मनगटांवरचे सारखे वण पाहिले की संशय घ्यावा. अर्थात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही कातडी काळीनिळी पडते, आणि रंगावरून डाग किती दिवसांचा हे नेमके ठरत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना आजींच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर दिसला, तर बाही वर करून पाहावी. म्हातारपणी थंडी वाजते हे खरे, पण नागपूरच्या उन्हाळ्यात?

तक्रार क्वचितच होते. मुलगा पुण्यात नाहीतर अमेरिकेत. व्हिडिओ कॉलला फोन धरून उभा असतो तो आश्रमातलाच माणूस. शिवाय इथून काढले तर जायचे कुठे, ही धास्ती.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठी 2007 मध्ये कायदा झाला. त्याचा भर पोटगीवर आहे. कलम 24 मधली शिक्षा ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला आहे, मारणाऱ्याला नाही. मारहाणीसाठी भारतीय न्याय संहितेतील कलम 115 व 117 आणि डांबून ठेवण्यासाठी 127 लागते. कलम 357 फारसे कोणाला आठवत नाही: असहाय माणसाची देखभाल करण्याचा कायदेशीर करार स्वेच्छेने मोडल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सल्ल्यासाठी 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुराव्यासाठी मात्र वळ ताजे असतानाच मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत नेऊन एमएलसी, म्हणजे जखमांची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून घ्यावी लागते. आठवड्याने भेटीला येणाऱ्या नातेवाइकाच्या हाती तोवर पिवळट डागच उरतो.